पाठ फुटली, खेळ शाबूत

हातात धरून खेळायच्या कन्सोलची जाहिरात पाहा. पडदा दिसतो, बटणे दिसतात, पडद्यावर उड्या मारणारा नायक दिसतो. पाठ कोणी दाखवत नाही. वापरात मात्र सगळ्यात जास्त मार तीच खाते. तळहाताचा घाम तिला, टेबलाची घासण तिला, आणि यंत्र हातातून निसटले की कोपरा फुटतो तोही बहुधा तिचाच. मग जळगाव जिल्ह्यातल्या भडगावच्या एखाद्या मोबाइल दुकानात यंत्र पुढे सरकवले जाते. "काय व्हयनं भाऊ, पडना का?" असे विचारून दुकानदार ते उलटेपालटे करून पाहतो आणि मोबाइलच्या सवयीने पुढचा प्रश्न टाकतो, "बॉडी कोणत्या रंगात पाहिजे?"

रंग हा खरे तर शेवटचा प्रश्न. मोबाइलची मागची काच किंवा झाकण बदलणे आता गावोगावी सरावाचे झाले आहे आणि तोच हिशेब कन्सोलला लावला जातो. मोबाइलची पाठ बहुतेक वेळा गोंदाने चिकटवलेली असते. तापवली, उचलली, नवी चिकटवली. कन्सोलची पाठ स्क्रूंनी आवळलेली असते. पुढचे आणि मागचे अशी दोन कवचे मिळून ते यंत्र ताठ उभे राहते. आत पंखा असेल तर त्याला हवा मागच्या जाळीतूनच मिळते. बॅटरीवर दाब येऊ न देता तिला जागेवर ठेवायचे कामही या दोन कवचांमधल्या पोकळीचे. म्हणजे पाठ हा यंत्राचा कामाचा भाग आहे, आणि ती निवडायची व बसवायची तीही कामाचा भाग म्हणूनच.

याची सगळ्यात स्पष्ट कबुली खुद्द एका कंपनीनेच दिली आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने आपला 'स्टीम डेक' बाजारात येण्याआधीच तो उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. यंत्र तुमचे आहे, ते उघडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण आमचे ऐकाल तर उघडू नका, असा तिचा सूर होता. ग्राहकाला भीती घालून सेवा केंद्राकडे वळवायची जुनी चाल म्हणून हे सोडून देता आले असते. पण दिलेले कारण खरे होते. त्या यंत्राच्या पाठीतून जाणारे स्क्रू पुढच्या कवचातल्या प्लास्टिकच्या पोकळ खांबांत घुसतात आणि आपले आटे स्वतःच कोरतात. कारखान्यात पहिल्यांदा आवळताना पकड सगळ्यात घट्ट असते. स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की ती थोडी कमी होते, आणि यंत्र खाली पडले तर सहन करायची ताकदही तितकीच उतरते.

यातून एक गोष्ट निघते, जी बॉडी विकणारा सांगत नाही. स्टीम डेकची फुटलेली पाठ बदलून नवी लावली तरी आटे जुनेच राहतात, कारण ते पाठीत नसून पुढच्या कवचात आहेत. नवी पाठ कितीही भक्कम असो, ती धरून ठेवणारे खांब सैल असतील तर दोन्ही कवचांमधली फट दिसतच राहणार.

यावर जुन्या कारागिरांची एक साधी रीत आहे. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळापासून ती चालत आली असावी. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी तो उलट्या दिशेने हलकेच फिरवायचा. फिरता फिरता एका क्षणी तो किंचित खाली बसतो, बोटाला 'टक्' असे कळते. तिथे जुन्या आट्याचे तोंड असते. आता सरळ फिरवायला लागायचे; स्क्रू जुन्याच वाटेने जातो, नवे आटे कोरत नाही. थेट दाबून फिरवला तर तो जुन्या आट्यांना आडवा छेदतो, आणि असे दोन-तीनदा झाले की खांबात आटे उरत नाहीत, नुसता भुगा उरतो. विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर याच कारणासाठी बाजूला ठेवावा. त्याला तो 'टक्' कळत नाही.

आटे गेलेच असतील तरी उपाय आहे. खांबाच्या भोकात इन्स्टंट ग्लूचा थेंब आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला की काही क्षणांत दगडासारखा टणक पदार्थ तयार होतो; मग त्यात बारीक ड्रिलने भोक पाडून स्क्रू नव्याने बसवता येतो. सोड्याने ग्लू झपाट्याने आळतो आणि सोड्याचे कण त्याला भरावही देतात. काम नाजूक आहे, ग्लू बटणाखाली ओघळला तर पाठीच्या नादात बटण जायचे. पण एखाद-दुसऱ्या खांबासाठी ते चालून जाते.

व्हॉल्व्हने पुढे स्वतःच दुरुस्ती केली. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या स्टीम डेकमध्ये पाठीचे स्क्रू धातूच्या आट्यांत बसवले आणि स्क्रूचे माथेही बदलून सहा पाकळ्यांचे, म्हणजे टॉर्क्स केले. एका कंपनीने दोन वर्षांत ऐकले, ही आजच्या काळात थोडी गोष्ट नव्हे. बाकीच्यांनी ऐकायला हवे.

आता खान्देशाकडे येऊ, कारण इथे पाठीचा प्रश्न अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. गिरणाकाठच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. जळगाव-भुसावळकडे पंचेचाळीसही नवे नाही. 2022 च्या जुलैत युरोप आणि जपान उन्हाने भाजत होते, तेव्हा व्हॉल्व्ह आणि निन्टेंडो या दोन्ही कंपन्यांनी ग्राहकांना इशारा दिला की यंत्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. भडगावात 35 अंशांची दुपार उन्हाळ्यात मिळायची म्हणजे वळवाची वाट पाहायची. शाळांना सुट्टी याच दिवसांत, मुले घरात याच दिवसांत, आणि कन्सोल तासन् तास चालतो तोही याच दिवसांत.

उष्णतेचा परिणाम दोन बाजूंनी होतो. एक पंख्याच्या बाजूने. निन्टेंडोचा स्विच आणि व्हॉल्व्हचा स्टीम डेक ही दोन्ही यंत्रे मागून हवा घेतात आणि वरच्या कडेने गरम हवा सोडतात. यंत्र पांघरुणावर किंवा गादीवर ठेवून खेळले की मागची जाळी झाकली जाते. भडगाव-पाचोरा-चाळीसगाव हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या हंगामात घरातच कापूस साठवलेला असतो आणि त्याचे तंतू हवेत तरंगत असतात. मागच्या जाळीतून आत गेलेला तंतू पंख्याच्या पात्यांभोवती आणि धातूच्या पट्ट्यांत अडकतो. पाठ बदलण्यासाठी यंत्र उघडलेच आहे तर तिथला कापूस चिमट्याने आणि मऊ ब्रशने काढून घ्यावा; नव्या पाठीपेक्षा त्याचाच फायदा जास्त होतो. फुंकर मारू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर तो बेफाम फिरून खराब होतो.

दुसरी बाजू बॅटरीची, आणि ती जास्त गंभीर. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. आत वायू तयार होतो आणि ती फुगते. फुगलेली बॅटरी पाठ आतून ढकलते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते पाठ वाकली, खटके तुटले, बॉडी बदलावी. सोनीचा पीएसपी हे याचे ठळक उदाहरण. 2004 च्या डिसेंबरमध्ये जपानात आलेले हे यंत्र पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरी घरांत पोचले आणि स्मार्टफोन आल्यावर कपाटात गेले. आज ते कपाट उघडले तर अनेकदा पीएसपीच्या पाठीवरचे बॅटरीचे झाकण उचललेले सापडते. ते झाकण बदलून काही उपयोग नाही. आधी बॅटरी बाहेर काढायची. आणखी एक खोच आहे. पहिल्या जाड पीएसपीची बॅटरी 1800 मिलिअँपिअर-तासांची, तर 2007 च्या सडपातळ पीएसपीची 1200 ची. जुनी जाड बॅटरी नव्या यंत्रात घातली तर पातळ झाकण बसतच नाही. झाकण मागवण्याआधी आतली बॅटरी कोणती हे पाहायला हवे.

फुगलेली बॅटरी दाबून पाठ बंद करू नका, टाचणीने हवा काढू नका. आत हवा नसते, जळणारा वायू असतो. सुट्या झालेल्या अशा बॅटरीची जागा कचऱ्याच्या गाडीत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी ही साखळी अजून नीट पोचलेली नाही, म्हणून ती जळगावच्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडे देण्याची तसदी घ्यावी लागते.

प्लास्टिकबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण जळगाव जिल्ह्याला प्लास्टिक काही परके नाही. जैन इरिगेशनचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या, औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिकच्या चटया, यांवर हा जिल्हा ओळखला जातो. पाइप पीव्हीसीचा, ठिबकची नळी पॉलिथिनची. कन्सोलची पाठ मात्र साधारणपणे एबीएस नावाच्या प्लास्टिकची किंवा एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांच्या मिश्रणाची असते. जुनी पाठ काढल्यावर आतल्या बाजूला पाहा, बाणांच्या टोकांमध्ये ती अक्षरे बहुधा उमटवलेली सापडतात. एबीएस साच्यातून निघताना फार आकसत नाही, शेकड्यात अर्ध्याच्या आसपास, म्हणून त्याचे कडेचे खटके आणि भोके जिथे हवी तिथेच येतात. स्वस्त पाठी इथेच मार खातात. साच्यात प्लास्टिक पुरते थंड होण्याआधी बाहेर काढले की पाठ किंचित पिळली जाते. हाताला कळत नाही, पण चौथा स्क्रू भोकावर येत नाही.

तडा गेलेली पाठ घरी चिकटवायचा मोह शेतकऱ्याच्या घरात हमखास होतो, कारण पीव्हीसी पाइप जोडायचे सोल्युशन घरात असतेच. ते लावू नये. त्यातली द्रव्ये पीव्हीसीप्रमाणेच एबीएसलाही विरघळवतात; पाइपाच्या जाड भिंतीला ते चालते, दीड-दोन मिलिमीटरच्या पाठीला नाही. पाठ मऊ होते, वाकते आणि तशीच वाळते. नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनचेही तेच. चिकटपणा किंवा गोंदाचे डाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे ते 'आयपीए' नावाने बाटलीत भरलेले असते.

हातातले कन्सोल हे सगळे परदेशी, महागडे प्रकरण, भडगावसारख्या गावात त्याची काय कथा, असे कोणी म्हणेल. त्याने ब्रिक गेम आठवावा. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बस स्टँडवरच्या दुकानांत आणि यात्रेतल्या पालांत '9999 इन 1' असे छापलेले ते करड्या, पिवळ्या, लाल रंगांचे खेळणे मिळायचे. दोन पेन्सिल सेल, वरून पडणारे ठोकळे. मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी 1984 मध्ये रचलेल्या टेट्रिसची ती बेनामी भावंडे. निन्टेंडोने 1989 मध्ये गेम बॉय आणला तेव्हा अमेरिकेत त्याच्यासोबत दिलेला खेळही टेट्रिसच होता. खान्देशातल्या बहुतेक मुलांनी गेम बॉय पाहिला नाही, पण ठोकळे मात्र रचले. ब्रिक गेमच्या सेलचे झाकण कधीच टिकत नसे. झाकण हरवले की रबर बँड, नाहीतर चिकटपट्टी. पाठ उघडली तर आत सर्किटची एक छोटी पाटी आणि काळ्या राळेचा ठिपका, ज्याखाली चिप झाकलेली. उघडून बंद करताना हमखास तुटायच्या त्या सेलकडे जाणाऱ्या दोन केसासारख्या तारा. अनेकांच्या डाग द्यायच्या कामाची सुरुवात त्याच तारांवर झाली असेल.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण घेऊ निन्टेंडो स्विचचे, कारण 3 मार्च 2017 रोजी आलेल्या या यंत्राच्या पाठी बाजारात सगळ्यात सहज मिळतात. कंपनीने तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्री सुरू केली नाही. इथली यंत्रे आली ती आयातदारांकडून किंवा दुबई-अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. त्यामुळे वॉरंटी जाईल या भीतीला इथे फारसा अर्थ उरत नाही.

यंत्र आधी पूर्ण बंद करायचे. नुसता पडदा काळा होणे म्हणजे झोप. पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून यादीतून 'बंद' निवडावे. दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे बटणांचे सुटे होणारे भाग, काढावेत, गेमचे कार्ड काढावे, आणि मागच्या उभ्या पायाखाली असलेले मायक्रो एसडी कार्ड न विसरता काढावे. स्टीम डेकच्या बाबतीत तर ही सूचना लाल अक्षरांत लिहायला हवी. तिथे कार्ड आत राहिले आणि पाठ उचलली की कार्डाचे दोन तुकडे होतात, आणि त्याबरोबर मुलाचे सगळे खेळही जातात.

स्विचच्या पाठीवर चार कोपऱ्यांना चार स्क्रू दिसतात, त्यांच्या माथ्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी तीन पाती. नेहमीचा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो आणि फिरवला की माथा खरवडून टाकतो. गेम बॉय अॅडव्हान्सच्या पाठीलाही हेच तीन पात्यांचे स्क्रू होते. ग्राहकाने उघडू नये म्हणून केलेली ही योजना, आणि आज तो स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन कुठेही स्वस्तात मिळत असल्याने निव्वळ त्रासदायक. बाकीचे स्क्रू चौफुलीचे: वरच्या कडेला एक, खाली चार्जिंगच्या तोंडाजवळ दोन, जॉय-कॉनच्या पट्टीत प्रत्येक बाजूला मधोमध एक. सगळ्यात फसवा तो एसडी कार्डाच्या खाचेतला, उभ्या पायाखाली लपलेला इवलासा स्क्रू. तो राहिला आणि पाठ ओढली की तिथेच चीर जाते. दुकानात उघडलेल्या यंत्रांना तिथे चीर दिसली तर काय झाले असेल ते समजावे.

चौफुलीचे म्हटले तरी तेही जपानी मापाचे आहेत. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाचा चौफुलीचा माथा 1930 च्या दशकात रूढ झाला. त्यातून जास्त जोर लावला की टोक वर सरकते. जपानी मानकाच्या माथ्याचा आकार किंचित वेगळा. बारीक स्क्रूवर हा फरक माथा टिकण्या-न टिकण्याइतका मोठा ठरतो. जपानी टोक नसेल तर नवे, न झिजलेले फिलिप्स टोक घेऊन वरून चांगला दाब देत सावकाश फिरवावे.

स्क्रू निघाले की कागदावर यंत्राची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावावा. लांबी वेगवेगळी असते, आणि छोट्याच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो आतल्या पाटीला भोक पाडू शकतो. मग गेम कार्डाचे झाकण उघडे धरून पाठ खालून अलगद वर उचलायची. ते झाकण बंद असेल तर अडकते. पाठ निघाली की खाली धातूची एक पातळ चादर दिसते. फक्त पाठ बदलायची असेल तर इथेच थांबायचे. चादर काढली तर तिच्या आणि उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या मधली पेस्ट तुटते, आणि ती नव्याने लावल्याशिवाय यंत्र बंद केले तर भडगावच्या उन्हाळ्यात परीक्षाच.

नव्या पाठीबरोबर उभा पाय येतोच असे नाही. जुना पाय मुद्दामच असा केलेला आहे की जोर पडला तर तुटण्याऐवजी निसटावा, त्यामुळे तो काढून नव्या पाठीवर बसवणे सोपे. आतल्या बाजूला काही चिकटपट्ट्या किंवा फोमचे तुकडे असतील तर तेही जागच्या जागी न्यायचे. ते तिथे उगीच नसतात. बंद करताना आधी सगळे स्क्रू अर्धे लावायचे, मग आळीपाळीने आवळायचे. एक कोपरा पूर्ण घट्ट करून पुढे गेले की उरलेली भोके सरकतात.

जॉय-कॉनची कवचे मात्र पहिल्या फेरीत बदलू नयेत. आत बॅटरी, केसाएवढ्या पट्ट्या आणि स्प्रिंगची बटणे आहेत. दुकानदार 'फुल बॉडी सेट' पुढे करील. फुटली आहे तेवढी पाठच मागा. आणि मागताना मॉडेल नीट सांगा. मूळ स्विच, 2019 चा स्विच लाइट आणि 2021 चा ओएलईडी स्विच, या तिघांची पाठ एकमेकांना लागत नाही.

जुनी पाठ ठेवून द्यावी. मॉडेल आणि परवानग्यांची अक्षरे तिच्यावर असतात, यंत्र विकताना ती दाखवली तर घेणाऱ्याला विश्वास वाटतो.

सुट्या भागांचा पुरवठा हा शेवटी धोरणाचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे यांवर त्याचा भर आहे. खेळाचे कन्सोल त्या चौकटीत ठळकपणे यायला हवेत. तोवर पाठ मिळणार ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन, आणि बसवणार तो गावातला मोबाइल दुरुस्त करणारा. त्याच्याकडे हात आहे, चिमटा आहे, आयपीए आहे. यंत्र त्याच्या हातात देण्याआधी फक्त एवढे विचारा, तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर आहे का? नसेल तर तो मागवेपर्यंत थांबा. फुटलेल्या पाठीने महिनाभर खेळता येते, पण खरवडलेल्या माथ्याचा स्क्रू काढायला ड्रिल लागते.